वीस मिनिटांचा पाठ: सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून

पट साठपर्यंत असला की शिक्षण हक्क कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एकाकडे दोन किंवा तीन इयत्ता आल्या. वेळापत्रकात तासिका कितीही मिनिटांची असो, एका इयत्तेच्या वाट्याला सलग वीस मिनिटं आली तरी पुष्कळ. या वीस मिनिटांत बहुतेक जण पूर्ण तासाचाच पाठ घाईघाईनं घेतात: प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, मूल्यमापन, गृहपाठ. घंटा होते तेव्हा विवेचन चालूच असतं. मूल्यमापन राहून जातं आणि मुलांना आलं की नाही ते थेट चाचणीत कळतं.

छोट्या पाठाची आखणी वेगळी करावी लागते आणि ती उलट्या क्रमानं करावी लागते. एकच पाठ घेऊन सगळं सांगते: तिसरीची दोन अंकी हातच्याची वजाबाकी. द्विशिक्षकी शाळा आणि त्याच खोलीत शेजारी चौथी बसलेली.

## आदल्या दिवशीची तयारी

### टप्पा १: शेवटचा प्रश्न आधी लिहा

पाठाच्या शेवटी प्रत्येक मुलानं एकट्यानं, कुणाकडे न बघता सोडवायचा प्रश्न सगळ्यांत आधी कागदावर लिहा. आपल्या पाठासाठी तो असा: ७१ − ४३. उत्तर २८.

हा प्रश्न लिहिला की उद्दिष्ट आपोआप आवळलं जातं. ‘हातच्याची वजाबाकी समजेल’ हे आठवडाभराचं उद्दिष्ट झालं. वीस मिनिटांचं उद्दिष्ट असं: वरचे एकक पुरत नसतील तर मूल एक दशक सुटा करून दोन अंकी वजाबाकी सोडवील आणि कोणता दशक सुटा केला ते बोटानं दाखवील.

या पाठात काय नाही तेही लिहून ठेवा. शून्य असलेली उदाहरणं नाहीत (८० − ३४ उद्या), तीन अंकी नाहीत, शाब्दिक नाहीत. वर्गात एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारते, “बाई, वर शून्य असेल तर?” प्रश्न चांगला असतो, पण त्याच्यामागे गेलात तर पाठ संपला म्हणून समजा. तिचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, “उद्या हाच घेऊ” म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरोखर घ्या.

तपासा: उद्दिष्ट दुसऱ्या शिक्षकांना वाचायला द्या. शेवटचा प्रश्न कसा असेल ते त्यांना ओळखता आलं नाही, तर उद्दिष्ट अजून सैल आहे.

### टप्पा २: आकडे निवडा, सुचतील ते घेऊ नका

सगळ्यांत जास्त चूक इथे होते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. फळ्यासमोर उभं राहून सुचेल ते उदाहरण आपण घालतो. समजा, ५२ − २७ घातलं. बरोबर उत्तर २५.

या वजाबाकीत मुलं दोन चुका वारंवार करतात. पहिली चूक: दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करतं आणि ५ लिहितं. पाचातून दोन गेले ३. उत्तर ३५. दुसरी चूक: मूल दशक सुटा करतं, बारातून सात वजा करून ५ लिहितं, पण दशकाच्या घरातला ५ कमी करायला विसरतं. पाचातून दोन गेले ३. उत्तर पुन्हा ३५.

दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. वही तपासताना ३५ दिसलं तर कोणत्या मुलाला काय शिकवायचं ते कसं ठरवणार? पहिल्याला सुटं करणंच कळलेलं नाही. दुसऱ्याला कळलंय, फक्त एक पायरी गळतेय. एककाच्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की दरवेळी असंच होतं. ४३ − १८ करून पाहा, ६१ − ३६ करून पाहा, दोन्हीत हेच.

म्हणून पाचाचा फरक टाळा. ७१ − ४३ मध्ये फरक दोनाचा आहे. पहिली चूक केली तर उत्तर ३२ येतं, दुसरी केली तर ३८, आणि चिन्ह न बघता बेरीज केली तर ११४. उत्तर पाहिलं की चूक कळते.

या पाठासाठी मी हे आकडे घेईन:

- दाखवायला: ५४ − २८ (२६)
- मिळून सोडवायला: ६२ − ३५ (२७) आणि ४३ − २६ (१७)
- मध्येच एक बिनहातच्याचं: ६७ − २३ (४४)
- शेवटी एकट्यानं: ७१ − ४३ (२८) आणि ६८ − ३२ (३६)

बिनहातच्याची उदाहरणं मुद्दाम घातली आहेत. सगळी उदाहरणं एकाच जातीची असली तर मूल विचार न करता प्रत्येक वेळी दशक खोडायला शिकतं. ‘इथे सुटं करावं लागेल का?’ हा निर्णय मुलानं घ्यायला हवा.

सावधान: प्रत्येक उदाहरणाशेजारी बरोबर उत्तरासोबत संभाव्य चुकीची उत्तरंही आदल्या दिवशीच लिहा. वर्गात वीस पाट्या एकदम वर आल्या की डोक्यात हिशेब करायला वेळ मिळत नाही.

### टप्पा ३: काड्या मोजा, रबर ओढून बघा

खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या, एवढं साहित्य पुरतं. चार मुलांच्या गटाला सहा गठ्ठे आणि चार सुट्या दिल्या की वरची दोन्ही ‘मिळून’ उदाहरणं मांडता येतात.

गठ्ठे सुतळीनं बांधू नका. गाठ सोडण्यात मुलांचा मिनिट जातो, निम्मी मुलं दातानं सोडायला लागतात आणि ज्या क्षणी ‘एक दशक म्हणजे दहा सुटे’ दिसायला हवं, त्याच क्षणी लक्ष गाठीकडे असतं. रबर वापरा आणि जुनं, चिकट झालेलं रबर आधीच फेकून द्या. गठ्ठे मुलांकडूनच बांधून घ्या व शेजारच्या गटाकडून मोजून घ्या. एका गठ्ठ्यात नऊ काड्या निघाल्या की त्या गटाचं उत्तर चुकतं आणि चूक काडीची की डोक्याची, हे शोधत बसावं लागतं.

### टप्पा ४: चौथीचं काम लावा

छोटा पाठ मोडतो तो पुष्कळदा शेजारच्या इयत्तेमुळे. चौथीला दिलेलं काम तीन कसोट्यांवर तपासा: ते त्यांना आधी येत असलेल्या गोष्टीचा सराव असावं, वीस मिनिटांत संपणार नाही इतकं असावं आणि तिसरीचा पाठ सुरू होण्याआधी फळ्यावर लिहिलेलं असावं. नवा धडा ‘वाचत बसा’ म्हणून दिला की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी उठून येणारच.

अडलं तर काय करायचं, तेही ठरवून द्या: आधी शेजारच्याला विचारायचं, तरी अडलं तर त्या उदाहरणावर खूण करून पुढे जायचं. हा नियम रोजच पाळला गेला तरच चालतो. तिसरीचा पाठ संपल्यावर खुणा केलेली उदाहरणं नक्की बघा. एकदा बघितली नाहीत तर दुसऱ्या दिवसापासून मुलं पुन्हा टेबलापाशी येतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

### टप्पा ५: अर्ध्या पानाचं टाचण

नेहमीचं पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना दाखवायला असतं, ते त्याच्या रकान्यांत भरा. वर्गात हातात धरायला वेगळं अर्धं पान करा. त्यावर निवडलेली उदाहरणं, चुकीची उत्तरं, प्रत्येक भागाच्या वेळा आणि तुम्ही स्वतः बोलायची तीन-चार वाक्यं असू द्या.

वाक्यं लिहून ठेवायची कारण वर्गात जुनी सवय तोंडात येते. “नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं” हे वाक्य पहिलीत सोयीचं वाटतं. तिसरीतलं मूल तेच प्रत्येक घराला लावतं आणि सातातून दोन वजा करतं. पहिल्या प्रकारची चूक येते ती बहुतेक इथूनच. “शेजाऱ्याकडून एक उसना घेतला” हेही टाळा, कारण घेतलेले असतात दहा आणि मूल ऐकतं एक. त्याऐवजी ही वाक्यं:

- “चार सुट्या आहेत, आठ काढायच्या आहेत. पुरतील का?”
- “एक गठ्ठा सोडला. आता गठ्ठे किती, सुट्या किती?”
- “एकूण काड्या वाढल्या, कमी झाल्या, की तेवढ्याच?”

## वर्गातली वीस मिनिटं

### टप्पा ६: पहिली तीन मिनिटं, पाट्यांवर

गोष्ट नको, गाणं नको, ‘काल आपण काय शिकलो बरं?’ही नको. पाटीवर १४ − ८ आणि १२ − ५ सोडवायला सांगा. मग फळ्यावर ५४ लिहून विचारा, “यात दशक किती? सुटे किती?” प्रत्येक वेळी “पाट्या वर” म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाटी दाखवायची.

या तीन मिनिटांत एक निर्णय घ्यायचा असतो. १४ − ८ बऱ्याच मुलांना येत नसेल, साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, तर आज हातच्याची वजाबाकी घेऊ नका. काड्या घेऊन अठरापर्यंतच्या वजाबाक्याच पक्क्या करा. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मला कळते, पण हा पाया नसताना पुढे गेलात तर चार दिवस नुसती खोडाखोड होते आणि शेवटी इथेच परत यावं लागतं. दोन-तीन मुलांनाच अडचण असेल तर त्यांना आपल्या जवळ बसवा, हाताशी काड्या द्या आणि पुढे चला.

### टप्पा ७: पाच मिनिटं दाखवा

मुलांना जवळ, अर्धवर्तुळात बसवा. काड्या सगळ्यांना दिसल्या पाहिजेत. फळ्यावर दशक-एककाची घरं आखून ५४ − २८ उभं मांडा आणि खाली जमिनीवर पाच गठ्ठे, चार सुट्या ठेवा.

“चार सुट्या आहेत, आठ काढायच्या आहेत. पुरतील का?” नाही. एक गठ्ठा उचला, रबर काढा, दहा काड्या चार सुट्यांच्या शेजारी सावकाश पसरा. आता लगेच फळ्याकडे वळा: ५ खोडून वर ४, एककाच्या ४ वर १४. खाली काड्यांचं जे झालं तेच वर आकड्यांचं झालं, हे मुलांनी त्याच क्षणी बघायला हवं. “एकूण काड्या तेवढ्याच का?” मोजून घ्या: चार गठ्ठे चाळीस आणि चौदा, चोपन्नच. मग चौदातून आठ बाजूला, उरल्या सहा, फळ्यावर ६. चार गठ्ठ्यांतून दोन बाजूला, उरले दोन, फळ्यावर २.

इथली ठरलेली चूक म्हणजे आधी सगळा खेळ काड्यांचा करायचा आणि मग काड्या गोळा करून फळ्यावर ‘आता अंकात बघू’ म्हणायचं. मुलाला ते दोन वेगळे धडे वाटतात. एक हालचाल खाली, लगेच एक नोंद वर, याच क्रमानं जा.

हे उदाहरण फळ्याच्या डाव्या बाजूला पाठ संपेपर्यंत राहू द्या. जागा कमी आहे म्हणून पुसू नका. अडलेलं मूल मान वर करून बघतं ते तिथेच.

थांबा: “समजलं का?” विचारू नका. “होऽऽ” असं एकसुरात उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी खोडलेल्या ५ कडे बोट दाखवून विचारा, “हा एक दशक गेला कुठे?” प्रश्न आधी, नाव नंतर. मध्ये मनात तीन मोजा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त मोठी, जास्त विचार केलेली उत्तरं देतात. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग त्या प्रश्नातून मोकळा होतो.

### टप्पा ८: सहा मिनिटं मिळून

गटात ६२ − ३५. एकानं काड्या हलवायच्या, एकानं पाटीवर लिहायचं, बाकीच्यांनी सांगायचं. ४३ − २६ ला कामं बदलायची. बदल तुम्ही टाळी देऊन करा, नाहीतर काड्या एकाच्याच हातात राहतात.

काही मुलं आधी तीन गठ्ठे बाजूला करतील आणि मग सुट्या काढायला गठ्ठा सोडतील. ते चुकलेलं नाही, उत्तर २७ च येतं. “बरोबर आहे. लिहिताना मात्र एककापासून जायचं” एवढं सांगा.

शेवटी काड्या बाजूला ठेवून पाटीवर ६७ − २३. सवयीनं ६ खोडणारी मुलं इथे सापडतात. त्यांना फक्त पहिला प्रश्न पुन्हा विचारा, “सात आहेत, तीन काढायच्या आहेत. पुरतील का?”

तपासा: घड्याळ बघा. इथवर चौदा मिनिटं व्हायला हवीत. उशीर झाला असेल तर ४३ − २६ सोडून द्या. पुढचा टप्पा कापू नका.

### टप्पा ९: चार मिनिटं एकट्यानं

चिठ्ठीवर नाव आणि दोन उदाहरणं: ७१ − ४३ आणि ६८ − ३२. उदाहरणं बोलून सांगू नका, फळ्यावर लिहा. ‘एकाहत्तर’ ऐकून १७ लिहिणारी मुलं तिसरीतही असतात आणि आज आपल्याला त्यांचं संख्यालेखन तपासायचं नाही.

या चार मिनिटांत मदत करू नका. हे फार कठीण जातं. समोरचं मूल चुकतंय हे दिसत असतं आणि हात खडूकडे जातो. पण आपण बोट ठेवून सुचवलेलं उत्तर चिठ्ठीवर आलं की ती चिठ्ठी त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. फेरी मारा, बघा, पुढे जा. ज्याला काड्या हव्यात त्याला घेऊ द्या आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात काडीची खूण करायला सांगा.

उरलेली दोन मिनिटं चिठ्ठ्या गोळा करणं, गठ्ठे पुन्हा दहा-दहाचे बांधणं आणि चौथीकडे वळणं यात जातात. गृहपाठ द्यायचाच असेल तर चिठ्ठ्या बघून उद्या द्या. अर्धवट कळलेलं मूल घरी दहा उदाहरणं एकाच चुकीच्या रीतीनं सोडवून आणतं आणि ती रीत पक्की होते.

## टप्पा १०: चिठ्ठ्यांचे ढीग

मधल्या सुट्टीत चिठ्ठ्यांचे ढीग करा. गुण देऊ नका, नुसते ढीग.

२८ आणि ३६: आलं. उद्या यांना शून्याचं उदाहरण.

३८: सुटं करता येतं, दशक कमी करायचा राहतो. यांना काड्यांचा सगळा पाठ पुन्हा नको. उद्या एकच प्रश्न: “गठ्ठा सोडल्यावर गठ्ठे किती राहिले? लिहिलेस का?” आठवडाभर आधी खोडायचं, वर नवा अंक लिहायचा आणि मगच वजा करायचं, ही सवय लावा.

३२: सुटं करणं पोचलेलंच नाही. यांच्याबरोबर उद्या पाच मिनिटं काड्या घेऊन बसायचं, ५४ − २८ पासून.

२७ किंवा २९: रीत बरोबर, अकरातून तीन काढताना घसरलं. यांना वजाबाकीची रीत पुन्हा शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. अठरापर्यंतच्या तोंडी वजाबाक्या रोज दोन मिनिटं.

११४: चिन्ह पाहिलं नाही. सोडवायच्या आधी चिन्हाभोवती गोल करायला सांगा.

पहिलं बरोबर पण ६८ − ३२ मध्ये उगाच दशक खोडलेला दिसला, तर ती चिठ्ठी वेगळी ठेवा. त्या मुलानं रीत पाठ केली आहे, ‘पुरतील का?’ हा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही.

ढीग वहीच्या एका पानावर नावानिशी लिहून ठेवा. उद्याच्या पाठाची पहिली तीन मिनिटं कुणासाठी आणि कशी वापरायची, ते या पानावरून ठरतं.

## दुसऱ्या विषयाला हेच कसं लावायचं

क्रम तोच, तपशील बदलतो. भाषेत सर्रास होणारी चूक म्हणजे ‘र’ची सगळी जोडाक्षरं एका पाठात घेणं: सूर्य, चक्र, राष्ट्र, कऱ्हाड एका दमात. चारही रूपांत र वेगळा दिसतो, मूल गोंधळतं. वीस मिनिटांत फक्त रफार घ्या. शेवटचा प्रश्न म्हणून पाठात न आलेला शब्द सांगा, उदाहरणार्थ ‘गर्दी’. इथे मात्र शब्द बोलूनच सांगायचा, कारण ऐकलेलं लिहिणं हेच तपासायचं आहे. ‘र्गदी’ आलं तर र ऐकू आला आहे, रफार कोणत्या अक्षरावर द्यायचा ते कळलेलं नाही. ‘गदी’ आलं तर र ऐकूच आलेला नाही, त्या मुलाला आधी शब्द तोडून म्हणायला लावा: गर्-दी. ‘गरदी’ आलं तर ऐकलं बरोबर, जोडाक्षर करायचं राहिलं.

## गैरहजर मुलं

बाजाराच्या दिवशी, सुगीत, पाहुणे आले म्हणून मुलं येत नाहीत, आणि छोट्या पाठात एक दिवस चुकला की एक अख्खी पायरी चुकते. त्यांच्या नावाच्या कोऱ्या चिठ्ठ्या बाकीच्या चिठ्ठ्यांसोबतच ठेवा. मूल आलं की परिपाठानंतर लगेच त्याच्याकडून १४ − ८ सोडवून घ्या. ते उदाहरण जमलं तर ‘२८’च्या ढिगातल्या एखाद्या मुलाला काड्या घेऊन ५४ − २८ त्याला मांडून दाखवायला सांगा. मग ७१ − ४३ ची चिठ्ठी एकट्यानं. शिकवणाऱ्या मुलाकडे कान असू द्या, कारण ‘उसना घेतला’ हे वाक्य घरून, मोठ्या भावंडांकडून आलेलं असतं आणि ते इथे पुन्हा डोकं वर काढतं.